ताणातली बाग

माझ्या मोठ्या बहिणीची संत्र्याची बाग वरूडच्या अलीकडे, मोर्शीच्या रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. मोठी झाडे तीनशे बारा, मागच्या बाजूला नवी कलमे चौऱ्याण्णव. आकडे आधीच देतो, कारण त्या हिवाळ्याची आठवण काढायला बसलो की बाकीचे सगळे धुक्यात जाते आणि हाताशी एवढेच उरतात. सकाळी लवकर तिथे उभे राहिले की चौथ्या ओळीपुढे झाडे दिसत नाहीत, नुसती असल्याची जाणीव असते. अजूनही कधी कधी डुलकी लागताना मी त्या चौथ्या ओळीपाशी जाऊन थांबतो.

ज्यांनी संत्रा फक्त सोलून खाल्ला आहे त्यांना एक गोष्ट सांगावी लागेल. आंब्या बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी फुले, घ्यायचा तर डिसेंबरात बागेचे पाणी मुद्दाम तोडतात. महिना-दीड महिना झाडाला उपाशी, म्हणजे तहानलेले ठेवायचे. पाने फिकी पडतात, मिटतात, काही गळतात. परका माणूस बघेल तर म्हणेल बाग मेली. मग जानेवारीच्या शेवटी हलके पाणी द्यायचे, आणि त्या पाण्यावर झाड अंगभर फुलते. याला ताण देणे म्हणतात. ताण मधेच तुटला, चुकून पाणी गेले, तर झाड फुलाऐवजी पाला काढते आणि त्या वर्षाचा बहार गेला. पुन्हा ताण देऊ म्हटले तरी ऊन थांबत नाही. फेब्रुवारी तापू लागला की सगळे संपले.

भाऊजी गेल्यापासून ताई ही बाग एकटी बघते. ताण कधी तोडायचा हे ती पानांवरून ठरवायची. रोज पहाटे बागेतून एक फेरी, सहा वर्षांत खाडा नाही. मग तिच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आणि फेरी बंद पडली. म्हणून मी पेटी आणली.

पेटी म्हणजे एक बंद डबा. त्याच्या दोन वायरी जमिनीत जातात आणि ओलावा मोजतात, तिसरी वायर ठिबकच्या व्हॉल्वला जोडलेली. आकडा ठराविक मर्यादेखाली गेला की व्हॉल्व आपोआप उघडतो. सगळे मोबाइलवर दिसते, अमरावतीत बसून मलाही आणि बागेतल्या घरात बसून ताईलाही. अकोल्याच्या एका लहान कंपनीने ती बनवलेली. तिथल्या कपाशीसाठी आणि भाजीपाल्यासाठी केली होती, फळझाडे त्यात नंतर घातली.

मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर शिशाचे सील ठोकायचे, हे काम अठ्ठावीस वर्षे करतो. त्यामुळे कोणी आकडा दाखवला की तो तपासल्याशिवाय मला झोप येत नाही. पेटी बसवली त्या महिन्यात बागेतली तीन ठिकाणची माती डब्यात भरून घरी आणली, ओली तोलली, तव्यावर भाजून कोरडी तोलली आणि हिशेब मांडला. बायकोने मातीचा धूर खिडकीबाहेर जाताना बघितला आणि शांतपणे विचारले की आता पोळ्या कशावर करू, की त्याही आज तोलूनच वाढू. पेटीचा आकडा आणि माझा आकडा यात एकाचाही फरक नव्हता. मी मनातल्या मनात पेटीला सील ठोकले.

उन्हाळा आणि पावसाळ्यातल्या उघडीपी पेटीने नीट काढल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताईने पाणी तोडायला सांगितले. मी मोबाइलवर ‘आपोआप’ हे बटण बंद केले. आकडा तेव्हा शेहेचाळीस होता. रोज थोडा थोडा उतरत होता आणि मी तो वहीत लिहीत होतो. उतरत्या आकड्यात एक प्रकारची गुंगी असते. शेहेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. कार्यालयात काटे तपासताना माझ्या मनात कुठेतरी ती बाग हळूहळू कोरडी होत होती, कोणी दिवा बारीक करत न्यावा तशी.

नवव्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिले होते: अभिनंदन, आपले पीक वाचवण्यात आले आहे.

पहिल्यांदा मला बरे वाटले, हे कबूल करतो. पीक वाचले म्हटल्यावर माणसाला बरेच वाटणार. मग अर्थ डोक्यात शिरला. आकडा तीसवर आला होता. तीसला पेटीत ‘पीक वाचवा’ नावाची सोय जागी होते आणि ‘आपोआप’ बंद असले तरी व्हॉल्व उघडते. मी थांबवायचे बटण दाबले. पीक धोक्यात येईल, खात्री आहे का, असे तिने विचारले. हो म्हटले. पुन्हा विचारले. पुन्हा हो म्हटले. मधेच रेंज गेली. सगळे होऊन पाणी थांबेपर्यंत एक तास दहा मिनिटे गेली होती आणि आकडा एकेचाळीसवर चढला होता.

ताईचा फोन आला. ती रागावलेली नव्हती, तेच जास्त अवघड होते.

“भाऊ, तू पाणी काहून सोडलं?”

मी म्हणालो, मी नाही, पेटीने सोडले.

“मंग तिले इचार, फुलं बी तूच देशीन का म्हणा.”

त्या रविवारी बागेत गेलो. विहिरीकडच्या ओळींखाली माती अजून काळी दिसत होती. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे ठरले, जानेवारीच्या शेवटापर्यंत जेमतेम पुरणार होते. म्हणजे आणखी एक चूक झाली तर बहार नाही. पेटीतली तीसची मर्यादा मी दहा करून पाहिली, पेटीने घेतली नाही. हातव्हॉल्व बंद करावा तर मागच्या कलमांची नळीही पेटीच्या व्हॉल्वला वगळून तिथूनच जाते, ती लहान, त्यांना पाणी हवेच. ताई म्हणाली, व्हॉल्वची वायर कापून टाक. पण वायर आत होती आणि पेटीला कंपनीचे सील होते. उघडली तर पेटी कायमची बंद होईल, आकडेही दिसणार नाहीत, असे कागदावर लिहिले होते. आणि खरे सांगायचे तर कागदावर तसे नसते तरी माझा हात सीलकडे गेला नसता. अठ्ठावीस वर्षे दुसऱ्यांना तेच सांगत आलो. मी ओट्याशेजारच्या पेटीपाशी पकड हातात घेऊन उभा आणि ताई ओट्यावर खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत.

“सील त्या पेटीले नाई,” ती म्हणाली, “तुह्या डोक्यालेच मारलं हाये.”

शेवटी ठरले असे: मी कंपनीला लिहायचे, आणि आकडा एकतीसवर येईतोवर काही झाले नाही तर ताईसमोर सील तोडायचे. थंडी वाढली होती, ओल आता आधीपेक्षा सावकाश उतरत होती. माझ्या हिशेबाने तेरा ते चौदा दिवस हातात होते.

त्या संध्याकाळी बसून पत्र लिहिले. मोबाइलवर अभिप्रायाची जी चौकट होती तिच्यात पाचशेच अक्षरे मावत होती, म्हणून चार तुकडे केले आणि प्रत्येकावर ‘चारपैकी पहिला’, ‘चारपैकी दुसरा’ असे लिहिले. काय बरोबर आहे ते आधी लिहिले, ओलावा अचूक मोजला जातो, मी तपासला आहे, पद्धत सोबत. मग मी काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, किती वाजता. शिव्या एकही नाही. इतक्या वर्षांत शिकलेली एक गोष्ट म्हणजे काटा चुकीचा निघाला की दुकानदारावर ओरडून काटा सुधारत नाही. कुठे किती चुकतो ते सांगावे लागते, आणि दोनदा सांगावे लागते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. आपल्या पिकाला पाण्याची तातडीने गरज आहे, कृपया पाणी द्या. खाली पाच रिकामे तारे होते आणि आमची सेवा कशी वाटली असा प्रश्न. तारे मी रिकामेच ठेवले. काट्याला आम्ही तारे देत नाही. पुन्हा चार तुकडे लिहिले आणि या वेळी ताण म्हणजे काय ते लिहिले. आकडा अडतीस होता. पुन्हा तेच उत्तर. सदतीस. तिसऱ्यांदा लिहिताना मी वरूडच्या बागेचा फोटो जोडला आणि खाली लिहिले: हे झाड मरत नाही, वाट पाहत आहे. लिहिल्यावर मलाच थोडे लाजल्यासारखे झाले. असली वाक्ये माझ्या अहवालांत नसतात.

पण त्याच वाक्यावर फोन आला. अकोल्याहून एक मुलगी बोलत होती. पेटीचे सॉफ्टवेअर तिने आणि आणखी दोघांनी लिहिलेले. आवाजावरून पंचविशीची असावी.

“काका, मला फक्त एकच सांगा. तुम्ही मुद्दाम झाडांना पाणी देत नाही आहात?”

“हो.”

“किती दिवस?”

“साधारण पंचेचाळीस.”

पलीकडे कोणाला तरी तिने हे सांगितल्याचे ऐकू आले, आणि कोणी तरी हसले. ती हसली नाही. तिच्या घरची शेती कपाशीची होती. पऱ्हाटी अशी ठेवली तर बाबा घरात घेणार नाहीत, म्हणाली. थोड्या वेळाने तिने आपण होऊन सांगितले की संत्रा यादीत घालताना त्यांच्याकडे त्याचे आकडे नव्हते, म्हणून केळीचे आकडे तसेच उचलून ठेवले होते, नंतर बदलू म्हणून. नंतर राहून गेले. अकोटकडची केळी तिने पाहिलेली, त्या पिकाला एक दिवस पाणी चुकलेले चालत नाही. चूक इतकी सरळ सांगितलेली मी फार कमी वेळा ऐकली आहे. ताईला कळवले तेव्हा ती बराच वेळ हसत राहिली. आमच्या संत्र्याले केळ समजले, म्हणे, म्हून एवढा लाड.

पण मुलीला एक अडचण होती. मर्यादा नुसती काढून टाकली आणि कोणाची बाग खरोखर वाळली तर? ताण कुठे संपतो आणि मरण कुठे सुरू होते, हे पेटीने कसे ओळखायचे? मला आकडे माहीत होते, पाने माहीत नव्हती. मी म्हणालो, येऊन बघ. ती येईल असे वाटले नव्हते. आकडा तेहेतीस होता त्या दिवशी ती सकाळच्या गाडीने अमरावतीला उतरली, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. तिथून आम्ही दोघे मोर्शीच्या गाडीत बसलो.

दुपारी पोचलो तेव्हा बाग शांत होती. पाणी घातलेल्या बागेत काही ना काही चालू असते, पक्षी, बेडूक, नळीतून सुटणारे थेंब. तहानलेल्या बागेत काहीच नाही. पाने उभी दुमडून अर्धी मिटली होती, ऊन त्यांच्या पाठीवरून घसरत होते, आणि तीनशे बारा झाडे डोळे मिटून बसल्यासारखी. मुलगी एका झाडाजवळ गेली, पानाला बोट लावले आणि लगेच हात मागे घेतला. मला कुजबुजत म्हणाली, काका, ही तर वाळली. आम्ही सगळेच तिथे हळू बोलत होतो, का ते सांगता येणार नाही.

ताईने सांगितले की दुपारचे पान खोटे बोलते. सकाळी बघ. म्हणून मुलगी ताईकडे मुक्कामाला राहिली, आणि पहाटे आम्ही तिघे बागेत गेलो. ताई दहा महिन्यांनी पहिल्यांदा बागेत शिरत होती, एक हात माझ्या खांद्यावर, एक मुलीच्या. धुके होते. दव पडले होते. आदल्या दुपारी मिटलेली पाने रुंद उघडली होती, जणू रात्रीतून कोणी एकेक हाताने सरळ केली.

“हे पान सकाळी उघडते तवरिक झाडात जीव हाये,” ताई म्हणाली. “ज्या दिवशी सकाळी बी मिटलेलं दिसीन, त्या दिवशी पाणी द्याचं. आधी नाई, मंग बी नाई.”

मुलीने विचारले, पण हे पेटीला कसे कळणार, ती तर माती मोजते.

“तिले कायले कळाले पायजे? मी हाओ ना. तिनं मले इचारावं.”

मुलीने ओट्यावर जाऊन लॅपटॉप उघडला. चहा दोनदा गार झाला. तिने मला वहीतले सगळे आकडे वाचून दाखवायला लावले आणि मी वाचत गेलो, एकेक दिवस, धुके वर उठेपर्यंत. निघताना तिने काही वचन दिले नाही. आणखी दोघांना विचारावे लागेल, तपासावे लागेल, दुसऱ्या शेतकऱ्यांचे बिघडू नये, एवढेच बोलली. मला ते आवडले. घाईने दिलेल्या वचनापेक्षा मी तपासायला लागणाऱ्या वेळावर जास्त विश्वास ठेवतो.

बत्तीस झाला. मी रजा टाकून ताईकडे जाऊन राहिलो. एकतीस झाला त्या दुपारी मी पकड घेऊन पेटीपाशी बसलो आणि ताई तिच्या खुर्चीवर. चार वाजता मोबाइलवर नवी आवृत्ती आली. संत्र्याच्या नावाखाली एक नवे बटण होते, त्यावर ‘ताण’ एवढेच लिहिलेले. मी ते दाबले. पण दाबून काय होते ते कळायला एकच मार्ग होता, आकडा तीसखाली जाऊ द्यायचा. ताई म्हणाली, तुह्यावर हाये. मी पकड खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बागेत होतो. मी हातव्हॉल्ववर हात ठेवून उभा, ताई बांधावर. पाणी सुटले तर नळी आधी फुगते आणि एक फुसफुस होते, ती ऐकायची होती. तीस पूर्णांक एक. बराच वेळ तोच आकडा. धुक्यात सूर्य वर आला तो भाकरीसारखा पांढरा दिसत होता. एकोणतीस पूर्णांक नऊ.

काही झाले नाही. मी आयुष्यात इतके लक्ष देऊन काही न होणे ऐकलेले नाही. नळी पडून होती. दव पानावरून खाली पडल्याचा आवाज आला आणि मी दचकलो. मग मोबाइल हलला: ओलावा तीसच्या खाली. ताण चालू आहे, पाणी बंद ठेवले आहे. आज सकाळी पाने उघडली का?

ताईने माझ्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा नव्हता म्हणून दूर धरून वाचला, समोरच्या झाडाकडे बघितले आणि ‘हो’ दाबले.

त्यानंतर ती रोज दाबत गेली. ओट्यावरून पहिल्या ओळीची झाडे दिसतात, तेवढे तिला पुरत होते. माझ्या हिशेबाने पंचेचाळीस दिवस व्हायला चार दिवस बाकी असताना तिने एका सकाळी ‘नाही’ दाबले आणि मला फोन करून सांगितले की आज आंबवणीचे, म्हणजे ताण तोडायचे हलके पाणी सोडते. मी म्हणालो, एकेचाळीसच झालेत. ती म्हणाली, झाडाले तुही वही वाचता येत नाई. पाणी तिने सोडले. मी अमरावतीत बसून आकडा चढताना पाहत होतो, आणि या वेळी तो चढणे छान वाटत होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा वास रस्त्यावरच आला, गाडीतून उतरायच्या आधी. विहिरीकडच्या चार ओळी पाला काढून बसल्या होत्या, पहिल्या वेळचे पाणी त्यांनाच जास्त मिळाले होते. उरलेल्या सगळ्या पांढऱ्या. मधमाश्यांचा असा एकसारखा आवाज होता की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा झाला आणि आपण पाण्याखालून चालतो आहोत असे वाटू लागले. मुलीला अहवाल पाठवायचा होता. चार ओळी गेल्या, हे तिला कळायलाच हवे होते, आणि बाकीच्यांत काय आले तेही. म्हणून मी पाचव्या ओळीतल्या एका झाडाची हातभर लांब फांदी धरली आणि बोटाने फुले मोजू लागलो. साठपर्यंत आलो असेन.

“मोजू नोको, भाऊ,” ताई मागून म्हणाली. काठी टेकत ती ओळीत आली होती. “बोट दाखवून मोजलं का गळते.”

मला हे खरे वाटत नाही. कोणत्याही पुस्तकात हे सापडणार नाही. पण मी बोट खाली घेतले. तिथेच आळ्याजवळ बसून मोबाइलवर अहवाल लिहिला. ओळी एक ते चार, पाला. ओळी पाच ते सोळा, याच्या पुढच्या रकान्यात संख्या लिहायची होती. तिथे मी लिहिले: फुले आली, मोजलेली नाहीत. आणि पाठवून दिला.